आधी कुऱ्हाडवाला, घोडेस्वार नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपूरचेच. मुलांसोबत दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवता रंगवता त्यांचा हात बसला आणि आता प्राचीन काळातले योद्धे स्वतः घडवावेत असं त्यांना वाटतंय. सुरुवात रोमन सैनिकापासून करावी का? पुट्टी आणि रंग बाहेरदेशातून मागवावेच लागतात का? एम-सीलचा पहिला सैनिक केला तर तो ताठ उभा राहिला, चेहरा बाहुलीचा झाला, रंगाचा दुसरा हात दिला की पहिला उखडतो आणि एप्रिल लागला की रंग ब्रशवरच वाळतो. शिवाय घरात कुणाचे तरी जुने शिशाचे सैनिक सापडलेत, ते पुन्हा रंगवायचे आहेत.

रंग उखडण्याचा मामला एका वाक्याचा आहे: तुम्ही पोस्टर कलर वापरताय. तो वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणून दुसऱ्या हाताचा ओला ब्रश पहिला थर उचलून नेतो. ॲक्रिलिक घ्या. वाळल्यावर ते पाण्याला दाद देत नाही. कॅमलचे साधे ॲक्रिलिकही चालतात, फक्त थोडे चकाकतात. ती चकाकी शेवटी मॅट वॉर्निशने घालवता येते. कापडावर रंगवायचे जे रंग मिळतात ते मूर्तीवर रबरासारखे जाड बसतात आणि बारीक तपशील बुजवतात. ते बेससाठी, म्हणजे मूर्तीखालच्या जमिनीसाठी ठेवा.

आता रोमन सैनिकाचं. माझं मत स्पष्ट आहे: नको. रोमन वाईट म्हणून नव्हे, पण त्याच्या छातीवरच्या पट्ट्या कुठे जोडलेल्या असतात, ढाल किती वाकलेली असते, हे जगातल्या हजारो लोकांनी आधीच घडवून ठेवलंय. तुम्ही त्यांच्या मूर्तीची मूर्ती कराल. आणि नागपुरात बसून तसं करायची गरजच नाही. काटोल रस्त्याला लागा. जुनापाणी आणि माहुरझरी इथे महापाषाणकालीन शिळावर्तुळं आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या माणसांची ही दफनं. माहुरझरीला १९७०-७२ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. विदर्भातल्या या वर्तुळांमध्ये लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, भाल्याची टोकं आणि घोड्याचे लगाम मिळाले. माणसांसोबत पुरलेले घोडेही मिळाले आणि त्या घोड्यांच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे अलंकार होते. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. माहुरझरीला कार्नेलियनसारख्या लालसर दगडांचे मणी बनायचे. हत्यार, घोडा, दागिना, तिन्ही गोष्टी तासाभराच्या अंतरात आहेत आणि त्यांचा योद्धा घडवलेला मी तरी क्वचितच पाहिला आहे.

त्यातली कुऱ्हाड तर मूर्तिकारासाठी देणगी आहे. ही कुऱ्हाड चपटी असते, तिला दांड्यासाठी भोक नसतं. लोखंडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांनी ती दांड्याला आवळलेली असते. ७५ मिमीच्या मूर्तीच्या हातात ती दिली की बघणारा विचारतोच, हे काय आहे? तिथून गोष्ट सुरू होते. कापड मात्र इतक्या काळात मातीत टिकत नाही, त्यामुळे वस्त्र तुम्हाला विचाराने ठरवावं लागेल. साधी, आखूड, कमरेला गुंडाळलेली सुती पट्टी ठेवा, अंग उघडं ठेवा, गळ्यात लाल मण्यांची एखादी सर. इथे कल्पना लढवायची हौस आवरा.

काळ थोडा अलीकडचा हवा असेल तर मौर्यकाळच्या आसपासचा धनुर्धारी करा. अलेक्झांडरसोबत आलेला नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधाराने एरियन या ग्रीक इतिहासकाराने भारतीय पायदळाचं जे वर्णन केलंय ते जसंच्या तसं घडवता येतं: माणसाच्या उंचीएवढं धनुष्य, त्याचं एक टोक जमिनीवर टेकवलेलं, डाव्या पायाने दाबून धरलेलं, डाव्या हाती कच्च्या कातड्याची ढाल, शिवाय रुंद पात्याची तलवार, जी दोन्ही हातांनी चालवायची. तो म्हणतो, हे लोक दाढ्या रंगवतात, कुणी पांढरी, कुणी निळसर, लाल, जांभळी, हिरवीसुद्धा. रंगवणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे! पोशाखासाठी सांचीच्या तोरणांवरची युद्धदृश्यं पाहा. दक्षिण तोरणावर बुद्धाच्या अस्थींसाठीचा वेढा कोरलेला आहे आणि त्याच तोरणावर सातकर्णी या सातवाहन राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचा, आनंदाचा, लेख आहे. म्हणजे सातवाहनांच्या माणसांनी डोळ्यासमोर पाहिलेले सैनिक. वाकाटककाळ हवा तर अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातलं सिंहलाच्या कथेचं चित्र आहे, हत्ती, घोडे, भाले, सगळं. नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन आणि मनसरच्या टेकड्या तर रामटेकच्या वाटेवरच आहेत. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात, पुरातत्त्वाचं दालन आहे. वही घेऊन जा आणि मूर्तींच्या पाठी पाहा. फोटोत नेहमी पुढची बाजू असते आणि घडवताना आपण अडतो ते पगडीची गाठ मागे कशी दिसते यावर.

टीव्हीवरच्या पौराणिक मालिका मात्र बंद ठेवा. खांद्यावर सोनेरी पंख, छातीवर सिंहाचं तोंड, हे त्या काळच्या शिल्पांत नाही. पट्टा आणि वाघनखं मावळ्यांच्या हाती शोभतात, सातवाहनाच्या हाती नाही. आणि रिकीब, म्हणजे घोडेस्वाराने पाय अडकवायची कडी! लोखंडी रिकीब फार नंतरची. माहुरझरीच्या घोडेस्वाराचे पाय मोकळे लोंबकळतात. ते मोकळे पाय घडवणं अवघड असतं, म्हणून पहिली मूर्ती घोडेस्वाराची करू नका. कुऱ्हाडवाला करा, पायी.

आकार ७५ मिमी घ्या. ही साधारण १:२४ ची पट्टी. ५४ मिमी म्हणजे १:३२, तो जुना आवडता आकार आहे, पण शिकणाऱ्याला डोळ्यांचा त्रास. २८ मिमीला डोकं चार मिलिमीटरचं, तो खेळाचा आकार, तिथे सगळं फुगवून करावं लागतं. ७५ मिमीला डोकं दहा मिलिमीटर होतं. हे गणित पुढे चेहऱ्याला कामी येईल.

साहित्यासाठी परदेशात हात पसरायची गरज नाही, एक अपवाद सोडून. सांगाड्याला विजेच्या वायरमधली तांब्याची एक मिलिमीटर जाडीची तार. अंगासाठी एम-सील किंवा शिल्पकार नावाने मिळणारी दोन भागांची इपॉक्सी माती. एम-सील कडक होतं, घासता येतं, पण ओलं असताना तुटक असतं, बारीक कडा ओढायला गेलं की फाटतं. शिल्पकार जरा लवचीक, कापडाच्या चुण्यांना बरं. चेहरा आणि बोटांसाठी मात्र मिलिपुट किंवा ग्रीन स्टफ या परदेशी इपॉक्सी पुट्ट्या एकदा मागवाच. हाच तो अपवाद. ग्रीन स्टफ चिवट असतं, कड टिकवतं, पण वाळल्यावर रबरासारखं राहतं आणि घासलं जात नाही. मिलिपुट आणि ग्रीन स्टफ निम्मे-निम्मे मळून घेतले की दोघांचे गुण येतात. ही पाकिटं महाग वाटतात, पण चेहऱ्याला वाटाण्याएवढं लागतं, पाकीट संपता संपत नाही. कच्च्या इपॉक्सीला हातमोजे घाला. वर्षानुवर्षं उघड्या बोटांनी मळणाऱ्यांच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते आणि एकदा झाली की छंद सुटतो. वाळलेलं घासताना मास्क लावा, शक्यतो ओलं घासा.

हत्यारं म्हणाल तर दाताच्या डॉक्टरांची टाकाऊ अवजारं, शिवणाची सुई लाकडी दांड्यात बसवून, आणि चित्रकलेच्या दुकानातले रबरी टोकाचे शेपर. इंजेक्शनच्या सुईचं टोक कापून टाकलं की तिच्या तोंडाने लहान अर्धवर्तुळं उमटतात, खवलेदार चिलखताला उपयोगी. अवजार पाण्याने ओलं ठेवा. जास्त पाणी झालं की थर एकमेकांना चिकटत नाहीत.

ताठ उभ्या सैनिकाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की तलवारीच्या मुठीवरची नक्षी चांगली झाली पण मूर्ती मेलेली वाटते. वाटणारच. लहान मूर्तीत लोक तपशील शोधत नाहीत, वजन शोधतात. माणूस उभा राहतो तेव्हा बहुतेकदा भार एका पायावर असतो. त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं, दुसऱ्या बाजूचं खाली येतं, खांदे बरोबर उलटे तिरके होतात आणि गळ्याची खाच भार असलेल्या पायाच्या वर येते. आपल्या शिल्पांतला त्रिभंग हाच. हे सगळं तारेच्या सांगाड्यात, माती लावायच्या आधी, दिसलं पाहिजे. नुसत्या तारेकडे बघून घरच्यांनी ओळखलं पाहिजे की हा थकलाय, का वार करायला निघालाय. ओळखत नसतील तर मातीने ते होणार नाही.

प्रमाण साधं आहे. पूर्ण उंची साडेसात डोकी. उंचीच्या मध्यावर जांघ, तळव्यापासून जांघेच्या निम्म्यावर गुडघा, हात सोडला तर बोटं मांडीच्या मध्यावर. नागपूरच्या चितारओळीतल्या मूर्तिकारांचं काम पाहून शिकायचा मोह होईल आणि हाताची सफाई तिथे शिकावीच, पण देवमूर्तीचं तालमान वेगळं असतं. नवतालाने, म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंचीने केलेला देह उंच, दिव्य दिसतो. त्या मापाने कुऱ्हाडवाला केला तर तो लढायला आलेला शेतकरी न दिसता वर द्यायला आलेला दिसेल.

तारेची पावलं खाली लांब ठेवा, कॉर्कमध्ये रोवता येतात आणि मूर्तीला बोट न लावता काम होतं. आधी तारेवर पातळ, ओबडधोबड थर द्या आणि पूर्ण कडक होऊ द्या. पुढचा थर या खरखरीत पृष्ठभागाला धरतो, नुसत्या तारेवर तो फिरतो. मग छाती आणि ओटीपोट हे दोन ठोकळे. ते एकमेकांशी थोडे वळलेले हवेत. हे कडक झालं की स्नायू, ते कडक झालं की वस्त्र, शेवटी हत्यार. घाई करणारे सगळं एका बैठकीत करतात, मग हाताचं काम करताना पोट दबतं. दोन मूर्ती एकाच वेळी चालू ठेवा, एक वाळते तोवर दुसरी.

चेहरा. दहा मिलिमीटरचं डोकं, म्हणजे चेहऱ्याची रुंदी सातच्या आसपास. चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे मावतात, म्हणजे एक डोळा दीड मिलिमीटरही नाही. बाहुली होते ती याचमुळे: आपण डोळा मोठा करतो आणि डोक्याच्या वरच्या भागात बसवतो. डोळे टाळू आणि हनुवटीच्या बरोबर मध्ये असतात, कपाळाला आपण समजतो त्याहून जास्त जागा लागते. आधी कवटी करा आणि वाळू द्या. त्यावर डोळ्यांच्या जागी दोन खळगे दाबा. नाकाला छोटी पाचर, भुवयांची धार, गालाची हाडं, हनुवटीचा गोळा. अजून डोळे नाहीत. या टप्प्यावर दिवा एका बाजूने धरा. सावलीतच चेहरा माणसाचा दिसला पाहिजे. मग खळग्यात इवलीशी गोळी, तीच डोळ्याचा गोल, ती वाळली की वरची पापणी बारीक दोऱ्यासारखी, मग खालची. वरची पापणी जाड, खालची जवळजवळ नाहीच. कान भुवई आणि नाकाच्या टोकाच्या दरम्यान बसतो आणि जरा मागे झुकतो. विदर्भातलाच माणूस करायचाय तर आठवडी बाजारात बसून चेहरे बघा. परदेशी साच्यातलं सरळ लांब नाक आणि चौकोनी जबडा इथे उपरे वाटतात.

वस्त्रासाठी मातीचा पापड लाटा. टाल्कम लावलेल्या प्लास्टिकवर गोल पेनाने, कागदाइतका पातळ. लगेच उचलू नका. अर्धवट घट्ट झाला की कापून गुंडाळा, तेव्हा तो कापडासारखा पडतो. चुण्या कुठेही नसतात, ताण जिथून निघतो तिथून निघतात: कमरेची गाठ, वाकलेला गुडघा, खांद्यावरची पट्टी. धनुष्याला उदबत्तीची काडी चालते, ती बांबूचीच असते. मसाला खरवडून, चिरून, वाफेवर वाकवा. कुऱ्हाडीच्या पट्ट्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या. भाल्याला पितळेची तार, ती इतवारी बाजारात मिळते.

नागपूरचं हवामान हा स्वतंत्र विषय. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला गेला की एम-सील हातातच अडून बसतं. दोन्ही भाग मळण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा, लागेल तेवढंच मळा, चेहऱ्याचं काम पहाटे करा. रंगासाठी ओली पॅलेट: सपाट डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. खालून ओल येत राहते, रंग तासन्‌तास टिकतो. कूलरच्या झोतात बसून रंगवू नका. वारा ब्रशचं टोक सुकवतो आणि धूळ थेट ओल्या रंगावर आणतो. ब्रशही ट्रिपल झिरो घेऊ नका, त्यात रंग मावतच नाही आणि मूर्तीपर्यंत पोचायच्या आत वाळतो. चांगल्या टोकाचा एक नंबर घ्या, डोळा त्यानेच होतो. पावसाळ्यात उलट तऱ्हा: दमट हवेत स्प्रे प्रायमर आणि वॉर्निश पांढुरके पडतात. ऊन पडलेल्या कोरड्या दुपारी, गच्चीवर, मास्क लावून मारा. प्रायमर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा चालतो. दोन हलके हात. जाड मारला तर पापण्या गेल्या म्हणून समजा. त्यावर वरून, डोक्याच्या बाजूने तिरका पांढरा फवारा दिला की प्रकाश कुठून येतो हे मूर्तीवरच लिहून मिळतं.

कातडीचा रंग. बाहेरचे बहुतेक धडे गोऱ्या माणसाचे आहेत: गुलाबी पाया, पांढरा मिसळून उजळ भाग. तसं आपल्या माणसाला केलं की तो राख फासलेला दिसतो. पाया बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), त्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). उजळ करायला पांढरा नको, ऑकर वाढवा, अगदी शेवटच्या टोकांना ऑकरमध्ये फिकट क्रीम. सावलीला काळा नको, अंबरमध्ये अल्ट्रामरीन निळा. गाल, कोपर, बोटांची पेरं, कान यांना पातळ लालसर हात. तळवे आणि तळपाय कातडीच्या मूळ रंगापेक्षा फिकट, हे बहुतेक जण विसरतात. सावळ्या कातडीवर उजेड रंग बदलून नाही, चमकून दिसतो, म्हणून सगळीकडे मॅट वॉर्निश मारल्यावर कपाळ, नाक आणि खांद्यावर थोडं सॅटिन, म्हणजे अर्धचमकी वॉर्निश लावा. घाम दिसेल. प्रत्येक थर दुधासारखा पातळ, आणि वाळल्याशिवाय पुढचा नाही. डोळ्यात शुद्ध पांढरा कधीच नको, मळकट क्रीम. वर तपकिरी रेघ, खाली काही नाही, आणि बुबुळ किंचित बाजूला. समोर बघणारा डोळा टवकारलेला वाटतो.

लहान मूर्तीवर खरा रंग खरा दिसत नाही. खरा प्रकाश चुणीत तितकी सावली पाडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. रंगही थोडे फिके आणि मळके ठेवावे लागतात. सुताला पांढरा न वापरता क्रीम, सावलीला राखाडी-तपकिरी. निळं हवं तर नीळ, तीही धुतलेली. लाल हवं तर मंजिष्ठेचा विटकरी. गेरू चालतो. भडक जांभळं, पोपटी यांना इथे जागा नाही, एरियनच्या दाढीवाल्यांची गोष्ट वेगळी. लोखंड चंदेरी रंगवू नका. घडवलेलं लोखंड काळपट असतं, फक्त धारेवर उजळ. काळ्या-तपकिरी मॅट रंगावर मऊ पेन्सिलीचा भुगा बोटाने चोळा, बाजारातल्या चंदेरी रंगापेक्षा तो जास्त खरा दिसतो. घोड्याचा तांब्याचा अलंकार मात्र चमकू द्या. धातूचा रंग न वापरता धातू दाखवायची सध्या फार फॅशन आहे. फोटोत सुंदर दिसतं, हातात फिरवलं की फसतं. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

बेसला इथलीच काळी माती. चाळून, तव्यावर कोरडी करून, पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरा. ती काळवंडते, वर ऑकरचा कोरडा ब्रश फिरवा. गवताला पायपुसण्याचा काथ्या. आणि घोडेस्वाराची वेळ येईल तेव्हा घोडा लहान चणीचा ठेवा, १:२४ ला खांद्यापाशी ५५ मिमीच्या आसपास. इंग्रजी शर्यतीचा घोडा त्या काळात नको.

राहिले शिशाचे सैनिक. ते मुलांच्या हाती देऊ नका, आणि जुना रंग कोरडा घासून काढू नका. शिशाची धूळ पोटात जाते, शिवाय तो जुना रंगसुद्धा शिशाचा असू शकतो. पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसत असेल तर धातू सडायला लागलाय. त्यांना हातमोज्यांनी उचला, नंतर हात धुवा, आणि लाकडी पेटीत मात्र ठेवू नका. लाकडातून, विशेषतः सागवान किंवा ओकसारख्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने हे सडणं वाढतं. धातूचं किंवा काचेचं कपाट बरं. मूळ रंग थोडाफार जरी टिकलेला असेल तर पुन्हा रंगवायच्या भानगडीत पडूच नका, जमवणाऱ्यांच्या लेखी त्या रंगालाच किंमत असते.